वाचणाऱ्याचं ऋण

सज्जनगडाच्या पायऱ्या चढणाऱ्यांत आमच्या साताऱ्यातल्या कॉलेजची मुलं पुष्कळ असतात. दासबोध मात्र त्यांनी बहुधा पारायणाच्या चौरंगावरच पाहिलेला असतो. त्यातल्या १९व्या दशकाचा पहिला समास मी टी. वाय.च्या वर्गात वाचून दाखवते, कारण तो चक्क लिहिण्यावर आहे. अक्षर वाटोळं आणि सुटं काढावं. भोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी मजकूर शाबूत राहील. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही.

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हे तर पोथी उतरवून काढणं झालं. आम्ही उतरवलं की तुम्ही मार्क कापता!"

शंका रास्त होती. पोथी उतरवणं पुण्य आणि असाइनमेंट उतरवणं पाप, असं का?

मला वाटतं, फरक वाचणाऱ्याचा आहे. पोथी लिहिणाऱ्यापुढे कुणीतरी अनोळखी, डोळे अधू झालेला माणूस बसलेला असतो. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तोही पुढे वाचणाऱ्यांसाठीच. असाइनमेंट लिहिणाऱ्याला मात्र पक्कं ठाऊक असतं की हे कुणी वाचणार नाही. गठ्ठा, सही, दहापैकी सात, संपलं. मग गाइडमधून उतरवलं काय आणि मोबाइलकडून लिहून घेतलं काय!

"मुलांना आस्थाच उरली नाही," हे स्टाफरूममधलं ठरलेलं वाक्य. म्हणजे आधी श्रद्धा हवी, मग कर्म. मला हा क्रम उलटा वाटतो.

घरातल्या कुणासाठी तरी खरा अर्ज लिहा आणि त्यांनाच वाचून दाखवा, असं मी वर्गाला सांगते. एका मुलीनं आजीसाठी निराधार योजनेचा अर्ज लिहिला : ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन सादर करण्यात येते की…’ आजी म्हणाली, "आगं, ह्यात मी कुठाय?" पोरीनं सगळं खोडलं. नव्यानं लिहिलं : ‘माझे पती वारले. जमीन नाही. गुडघ्यांमुळे आता भांगलणीला जाता येत नाही.’ पुढे उत्पन्नाच्या दाखल्याचा उल्लेख राहिला म्हणून तिनं तो अर्ज पुन्हा लिहून काढला. या अर्जाला मार्क नव्हते.

काही सहकारी इथे निष्काम कर्म काढतात : मुलांनी मार्कांची आशा सोडावी. मला ते पटत नाही. ज्याचा एम. ए.चा प्रवेश टक्क्यांवर अडलाय, त्याला हा उपदेश कोरडाच लागणार. गीतेच्याच तिसऱ्या अध्यायातली दुसरी गोष्ट मला जवळची वाटते : जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात, ते पाप खातात. जेवायचं नाही, असं तिथे म्हटलेलं नाही. पंगतीत आणखी कुणीतरी हवं, एवढंच. लिहिण्याचंही तसंच. मार्क मिळोत, पण त्या मजकुराची गरज असलेला एक तरी माणूस समोर हवा.

आणि वर्गात तो पहिला माणूस म्हणजे शिक्षक. ‘छान’, ‘सुधारणा हवी’ हे शेरे न वाचताही देता येतात. ‘तुझ्या वडिलांनी बैल विकला तेव्हा तू कुठे होतास?’ हा प्रश्न निबंध वाचल्याशिवाय समासात लिहिता येत नाही. असा प्रश्न मिळालेली मुलं पुढच्या वेळी दोन ओळी जास्त लिहितात, आणि त्या त्यांच्या स्वतःच्या असतात. मुलांची आस्था मोजायला निघालेल्या प्राध्यापकांनी आधी आपल्या शेऱ्यांत असे प्रश्न किती आहेत ते पाहावं.