अधिकार नसलेली खुर्ची पुन्हा कशाला हवी?

‘साडेपाच वर्षं प्रशासक होते, आमच्या हातात काहीच नव्हतं.’ आठवडाभर हेच ऐकत होतो. चौकसभेत, रिक्षावरच्या भोंग्यातून, दाराच्या फटीतून सरकवलेल्या कार्यअहवालातून. १५ जानेवारी २०२६च्या मतदानाआधी वसई-विरार महापालिकेत दहा वर्षं बसलेली माणसं सांगत होती की जे बरं झालं ते त्यांचं आणि जे बिघडलं ते प्रशासकांचं. मला याचा राग आला आहे. तो गिळून मी गोड बोलणार नाही.

सबब अर्धी खरी आहे, म्हणून ती खपते. जून २०२०च्या अखेरीस पालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसले. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असं घटना सांगते, ती झाली नाही. हा वसईकरांवरचा अन्याय आहे आणि त्या काळाचा हिशेब आयुक्तांनी आणि त्यांना नेमणाऱ्या राज्य सरकारांनी द्यायचा आहे. २०२५मध्ये माजी आयुक्त अनिलकुमार पवार यांना ईडीने अटक केली, पुढे उच्च न्यायालयाने ती अटक बेकायदा ठरवली. नगररचनेच्या उपसंचालकांकडे कोट्यवधींची रोकड आणि दागिने सापडले. त्याचा न्याय न्यायालयात होईल.

पण विरारच्या विजय नगरातली रमाबाई अपार्टमेंट कधी बांधली? २०१२ साली. ऑगस्ट २०२५मध्ये, गणेश चतुर्थी उजाडायच्या आत, मध्यरात्री ती कोसळली आणि १७ माणसं गेली. २०१२ साली प्रशासक नव्हते. महापौर होते, स्थायी समिती होती, प्रभागाला नगरसेवक होता, बहुजन विकास आघाडीचं बहुमत होतं. चार मजली इमारत एका रात्रीत उभी राहत नाही. आधी रेती पडते, सळया येतात, मग पहिला स्लॅब, मग दुसरा. शेजारच्या किराणा दुकानदाराला ते दिसतं. ज्या नगरसेवकाला आपल्या प्रभागातल्या प्रत्येक घरची पूजा, बारसं आणि दहावं माहीत असतं, त्याला ते दिसलं नाही, यावर मी विश्वास ठेवायचा?

नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतही हेच. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. ईडीच्या म्हणण्यानुसार ही बांधकामं २००९पासूनची. २००९ म्हणजे आपली महापालिका जन्मली ते वर्ष. पालिका आणि त्या इमारती बरोबरीनेच वाढल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने पुढे त्या पाडल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. कर्ज काढून घर घेतलेली, पोरांच्या शाळा जवळ बघून राहायला आलेली माणसं. या प्रकरणातल्या आरोपींमध्ये एक माजी नगरसेवकही आहे, म्हणजे ‘आमचा काय संबंध’ हे वाक्य निदान त्या प्रभागात तरी म्हणू नये. आणि बोळिंजचा प्रकल्प सोडला तर या शहराचं बहुतेक सांडपाणी प्रक्रिया न होताच नाल्यांतून खाडीला मिळतं. प्रकल्पाची जागा कुठे गेली, ते आता कळलंच असेल.

तारीख सांगा, ही माझी जुनी खोड आहे आणि मी ती सोडणार नाही. जुलै २०१८मध्ये हे शहर कित्येक दिवस पाण्यात होतं. वीज नव्हती, लोकल बंद होत्या, वसईच्या मिठागरात माणसं अडकली होती. तेव्हा पालिकेत कोण बसलं होतं? निरी आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांची समिती नेमली, तिने पावसाचं पाणी साठवणारे धारण तलाव करा, नैसर्गिक नाले मोकळे करा असं सांगितलं. दारात आलेल्या कार्यअहवालात चौकातल्या कारंज्याचा फोटो आहे, धारण तलावांचं एक वाक्य नाही. आणि एकाही कामापुढे तारीख नाही.

आता याच सबबीचं दुसरं रूप पाहा. प्रशासक नव्हते तेव्हा हीच मंडळी म्हणायची, ‘आम्ही नुसते ठराव करतो, अंमलबजावणी आयुक्तांच्या हातात.’ कायदा तसा आहे हे खरं. महापौर सभा चालवतो, कारभार आयुक्त हाकतो. पण त्याच कायद्याने नगरसेवकाला प्रश्न विचारता येतो, अंदाजपत्रक अडवता येतं, एकूण सदस्यांपैकी पाच अष्टमांश मतं जमली तर आयुक्ताला परत पाठवा असा ठराव करता येतो. ऑक्टोबर २०१६मध्ये नवी मुंबईच्या नगरसेवकांनी तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध असा ठराव प्रचंड बहुमताने केला. भाजप सोडून बाकी पक्ष एक झाले होते. त्या दिवशी कुणाला अधिकार कमी पडले नाहीत. बेकायदा मजले चढताना गप्प बसणाऱ्या आयुक्ताविरुद्ध आपल्याकडे असा ठराव कुणी मांडला असेल, तर त्याची तारीख सांगा, मी पुढच्या आठवड्यात याच जागी छापतो.

इतकंच नाही. अनधिकृत बांधकामात नगरसेवकाचा किंवा त्याच्या घरच्यांचा हात असेल, किंवा पाडकामाला गेलेल्या अधिकाऱ्याला त्याने अडवलं, तर त्याचं पद जाऊ शकतं, अशी तरतूद महापालिका कायद्यात आहे. बुलडोझर आला की आधी कुणाला फोन लावायचा हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ज्याच्या एका फोनवर पथक माघारी जायचं, तो आज म्हणतो की त्याला अधिकार नव्हते.

खुर्चीवर असताना अधिकार आयुक्तांकडे, खुर्ची गेल्यावर अधिकार प्रशासकांकडे. मग या पदात आहे तरी काय? अधिकार नसलेली खुर्ची पुन्हा कशाला हवी? या प्रश्नाचं उत्तर जो देणार नाही, त्याला मत मागण्याचा नैतिक हक्क नाही, असं माझं मत आहे. श्रेय घेताना ‘मी केलं’ म्हणणाऱ्याने दोष घेतानाही ‘मी’च म्हणायला हवं. दिसत असताना गप्प बसणं हासुद्धा निर्णयच असतो आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजलेली असते.

निधी मिळाला नाही, लोकसंख्या वाढली, ही कारणंही कानावर आली. असतील. विरोधकांनीही फार उंच मानेने फिरू नये. प्रशासक ज्या सरकारांनी नेमले त्यांत त्यांचे पक्ष होते, आणि तेही आधीच्या दहा वर्षांकडे बोट दाखवून मोकळे होताहेत.

या निवडणुकीत बहुतेक प्रभागांतून चार जण निवडायचे होते. उद्या गटार तुंबलं की चौघांपैकी प्रत्येक जण बाकीच्या तिघांकडे बोट दाखवेल. म्हणून दारात येणाऱ्या प्रत्येकाकडून एक कागद मागा. महासभेला किती वेळा हजर होतात, कोणते प्रश्न विचारलेत, प्रभागातल्या कोणत्या अनधिकृत इमारतीची लेखी तक्रार केलीत. प्रत्येकापुढे तारीख. नवा उमेदवार असेल तर पुढच्या एका वर्षात काय विचारणार, तेवढं लिहून मागा.

असा कागद फारसं कुणी देणार नाही, हे मी जाणतो. रात्री दोनला म्हातारीला दवाखान्यात न्यायला ज्याने गाडी पाठवली, शाळेच्या प्रवेशासाठी ज्याने चिठ्ठी दिली, त्याला लोक मत देतील आणि मी त्यांना दोष देणार नाही. पालिकेची रुग्णवाहिका वेळेवर आली असती, तर त्या गाडीचे उपकार कुणाला डोक्यावर घ्यावे लागले नसते, एवढंच त्यांना सांगेन.

मतदानाआधी महापौरपदाचं आरक्षणही निघालेलं नव्हतं, तरी चौकाचौकात ‘भावी महापौर’ असे फ्लेक्स लागले होते. ते फ्लेक्स लावायला पालिकेची परवानगी घेतली होती का, एवढंच आधी विचारा. या शहरावर राज्य करू पाहणाऱ्याला बेकायदा गोष्ट दिसते की नाही, ते त्याच्याच फोटोखाली कळेल.