दुपटीचा काळ

लसिकाग्रंथींच्या कर्करोगांविषयी वाचू लागले की आरंभीच एक विपर्यास समोर येतो आणि तो समजल्यावरही सहज पचत नाही. ज्या गाठी संथ वाढतात, मानेत किंवा काखेत वर्षानुवर्षे निमूट राहतात, ज्यांच्याकडे पाहून डॉक्टरही कधी कधी 'आत्ता काही करायला नको, लक्ष ठेवू' असे म्हणतात, त्या औषधाने विरतात, परततात, पुन्हा विरतात. समूळ मात्र सहसा जात नाहीत. आणि ज्या गाठींना क्षणाची उसंत नाही, ज्या थोडक्या आठवड्यांत मुलाचा चेहरा ओळखू येईनासा करतात, त्याच योग्य उपचार वेळेत मिळाला तर कायमच्या जाऊ शकतात. बर्किट लिंफोमा हे या दुसऱ्या कुळातले टोकाचे उदाहरण. त्याच्या पेशींची संख्या 24 ते 48 तासांत दुप्पट होऊ शकते. मानवी अर्बुदांत याहून उतावळे क्वचितच कोणी असेल. केमोथेरपीची बहुतेक जुनी औषधे विभाजनाच्या लगबगीत असलेल्या पेशीला गाठतात, विसावलेली पेशी त्यांच्या हातून निसटते. म्हणून जी पेशी कधी थांबतच नाही, तिला लपायला जागाही उरत नाही. ज्या गुणामुळे हा रोग मारतो, त्याच गुणामुळे तो मरतो, हे वाक्य लिहायला सोपे आहे. ज्या आईच्या मांडीवर असे मूल आहे तिला ते कोणत्या तोंडाने सांगायचे, हे मला अजून सुचलेले नाही.

एका पॅथॉलॉजिस्ट स्नेह्याने मला या रोगाची काच सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली होती. गडद जांभळ्या, एकीसारखी दुसरी अशा पेशींचा दाट थर, आणि त्या काळोखात विखुरलेले फिकट ठिपके. पाठ्यपुस्तके या दृश्याला 'तारांकित आकाश' म्हणतात, आणि ते नाव ऐकले तेव्हा मी आधी त्याच्या सौंदर्यालाच भुललो. मग स्नेह्याने सावकाश सांगितले की ते तारे म्हणजे भक्षक पेशी आहेत. अर्बुदाच्या पेशी ज्या घाईने जन्मतात, त्याच घाईने त्यांतल्या असंख्य मरतातही, आणि त्यांची कलेवरे गिळून फुगलेल्या या पेशी तेवढ्या उजळ दिसतात. आपण वाढीला जीवनाचे लक्षण मानतो आणि मुलाच्या उंचीच्या खुणा भिंतीवर कौतुकाने करतो; पण शरीराची खरी विद्या वाढण्यापेक्षा थांबण्याची असावी. गर्भाच्या हाताच्या बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, म्हणूनच बोटे सुटी होतात, आणि पुढे त्याच बोटांनी मनुष्य वीणा वाजवतो किंवा नांगर धरतो.

भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त काळाचा विचार करताना त्याला या विश्वयंत्राचा सूत्रधार मानले आणि त्याच्या हाती दोन शक्ती दिल्या: एक अभ्यनुज्ञा, म्हणजे घडू देणे, दुसरी प्रतिबंध, म्हणजे अडवून धरणे. बीज अंकुरते ते पहिलीमुळे, पण सगळी बीजे एकाच क्षणी अंकुरत नाहीत ती दुसरीमुळे, आणि या दोहोंच्या खेळातूनच क्रम निर्माण होतो. व्याकरणकाराचा हा विचार पेशीच्या आत शिरून वाचावा असा आहे. आपल्या आठव्या गुणसूत्रावर 'मिक' नावाचे जनुक असते. वाढीची अनुज्ञा देणे हे त्याचे काम. गर्भावस्थेत त्याच्यावाचून चालत नाही, आणि नंतरही ते गरजेपुरते जागे होते व काम सरताच मंदावते. परंतु रक्तातल्या बी-पेशी नाना रोगजंतूंना पुरी पडतील अशी प्रतिपिंडे घडवण्यासाठी स्वतःचीच जनुके कापून-जोडून घेत असतात, आणि त्या कापाकापीत क्वचित आठव्या गुणसूत्राचा तुकडा चौदाव्यावर जाऊन बसतो, तोही नेमका प्रतिपिंडांच्या जनुकाशेजारी, जिथे बी-पेशीत कामाला खंडच नसतो. ही अदलाबदल 1976 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी ओळखली आणि 1982 मध्ये तिच्यातल्या मिकची ओळख पटली. अनुज्ञा अखंड आणि प्रतिबंध नाहीसा. पेशीपुरता सूत्रधारच निघून गेला आणि नाटक मात्र चालूच राहिले. या अदलाबदलीत बाहेरून आलेले असे काही नाही. आपल्याच घरातली एक चांगली गोष्ट चुकीच्या जागी ठेवली गेली आहे, आणि हे मला कोणत्याही आक्रमणाच्या कल्पनेपेक्षा अधिक भयकारी वाटते.

हे सारे ज्ञान मागाहूनचे. त्याआधी कोणीतरी हा रोग 'एक' आहे हे पाहायला हवे होते, आणि पाहणे ही सोपी क्रिया नाही. 1897 मध्ये युगांडात गेलेले मिशनरी डॉक्टर अल्बर्ट कुक यांच्या जुन्या नोंदींत जबड्याला गाठ आलेली मुले आहेत. म्हणजे कित्येक दशके ही मुले येत होती, डॉक्टर त्यांना पाहत होते आणि ती एकेकटी मरत होती. 1957 मध्ये कंपालाच्या मुलागो रुग्णालयात ह्यू ट्रॉवेल यांनी डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाला एक पाच वर्षांचा मुलगा दाखवला. त्याचा जबडा वर-खाली, डावी-उजवीकडे, चारही बाजूंनी सुजला होता. जंतुसंसर्ग असा पसरत नाही, गाठही सहसा अशी उगवत नाही. बर्किटला उलगडा झाला नाही. काही आठवड्यांनी तो जिंजाला, जिथे व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल बाहेर पडते त्या गावी, रुग्णालयात फेरी मारत असता खिडकीतून त्याची नजर बाहेर गवतावर आईजवळ बसलेल्या एका मुलीकडे गेली: तोच चेहरा. एकदा घडते ते कुतूहल असते, दुसऱ्यांदा घडते तेव्हा तो प्रश्न होतो. जुनी कागदपत्रे उलटताना त्याच्या ध्यानात आले की जबड्याची गाठ असलेल्या मुलांच्या मूत्रपिंडांत, यकृतात, अंडाशयांतही गाठी असत, आणि 1958 मध्ये त्याने 38 मुलांवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने रोगाचे नाव चुकीचे दिले होते, त्याला सार्कोमा म्हटले होते. तो लिंफोमा आहे हे विकृतिशास्त्रज्ञांनी नंतर दाखवले. नाव चुकले तरी दृष्टी चुकली नव्हती, आणि विज्ञानात दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मिळ असते.

इथे मला त्याचे वडील आठवतात. जेम्स बर्किट हे आयर्लंडातील फर्मॅना परगण्याचे सर्वेक्षक. 1920 च्या दशकात फावल्या वेळी ते आपल्या परिसरातल्या रॉबिन पक्ष्यांच्या पायांत लहान कडी अडकवत आणि कोणता पक्षी कोणत्या झाडापासून कोणत्या कुंपणापर्यंत आपली हद्द मानतो याचे नकाशे काढत. त्यांना रंग नीट ओळखू येत नसत, म्हणून कड्यांचे आकार वेगवेगळे ठेवत. मुलाचा एक डोळा बालपणीच्या अपघातात गेलेला. एकाला रंग दिसत नाहीत, दुसऱ्याला एकच डोळा, आणि दोघांनीही जगाला नकाशा शिकवला! परंपरा म्हणजे व्यवसाय वारशाने मिळणे नव्हे, असे वाटते. एखाद्या गोष्टीपुढे 'हे कुठे आहे आणि कुठे नाही' हा प्रश्न ठेवून थांबण्याची सवय हाही वारसाच असतो.

कारण बर्किटने पुढे तेच केले. ऑक्टोबर 1961 मध्ये टेड विल्यम्स आणि क्लिफ नेल्सन या दोघा डॉक्टर मित्रांसह एका जुन्या फोर्ड गाडीतून तो निघाला आणि दहा आठवड्यांत सुमारे 10 हजार मैल हिंडून आला. आडगावच्या रुग्णालयांत जायचे, फोटो पुढे करायचा, 'असे मूल इथे येते का' एवढेच विचारायचे. उत्तरांतून नकाशावर एक पट्टा उमटू लागला. विषुववृत्तालगत साधारण 5 हजार फुटांच्या वर हा रोग नाही; दक्षिणेकडे जावे तशी ही मर्यादा खाली येते. म्हणजे उंची हे निमित्त, खरी अट उष्णतेची, आणि सोबत पावसाचीही. कीटकशास्त्रज्ञ अलेक्झांडर हॅडो यांनी ओळखले की अशा सीमा डासांच्या असतात, आणि मलेरियाचा नकाशा या नकाशावर जवळजवळ चपखल बसला. दोन दिवसांत दुप्पट होणारे अर्बुद शेवटी सापडले ते धुळीच्या रस्त्यावरच्या गाडीला, गावोगाव थांबत. वेगाला गाठण्यासाठी वेग लागतो ही आपल्या युगाची श्रद्धा आहे; ही सफर वाचल्यापासून ती माझ्यापुरती ढिली झाली आहे.

विलंबाचे आणखी एक ऋण या कथेवर आहे. मार्च 1961 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात बर्किटचे व्याख्यान ऐकून अँथनी एपस्टाईन या संशोधकाने या गाठींत विषाणू असावा असा तर्क बांधला आणि कंपालाहून विमानाने गाठींचे तुकडे मागवू लागला. दोन वर्षे हाती काही लागले नाही. डिसेंबर 1963 मध्ये धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळले, नमुना उशिरा पोहोचला, आणि बाटलीतले पाणी गढूळ झालेले होते. गढूळ म्हणजे जंतूंनी नासलेले, फेकून देण्याजोगे. तरीही त्याने एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जंतू नव्हते, प्रवासात हिंदकळून गाठीपासून सुट्या झालेल्या अर्बुदपेशी जिवंत तरंगत होत्या. त्या तशाच वाढवल्या गेल्या, आणि 1964 मध्ये एपस्टाईन, बर्ट अचाँग व इव्हॉन बार यांनी त्यांत एक नवा विषाणू पाहिल्याचे जाहीर केले. एपस्टाईन-बार या जोडनावाने तो आज ओळखला जातो. नंतर कळले की जगातल्या दहांपैकी नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आयुष्यभर मुक्कामाला असतो, बहुधा माझ्याही. मग आफ्रिकेतल्या त्या पट्ट्यातल्याच मुलांना ही शिक्षा का? वारंवारचा मलेरिया बी-पेशींना सतत चेतवत ठेवतो, त्यांची कापाकापी वाढवतो, पहारेकऱ्यांना थकवतो. विषाणू बिघडलेल्या पेशीला मरू देत नाही. कारण एक नसते, कारणांचा योग असतो. आणि योग जुळून येण्याला आपले पूर्वज दैव म्हणत, तेव्हा ते अगदीच अडाणी नव्हते.

उपचाराची कथा अभावातून सुरू होते. कंपालात किरणोपचार नव्हते आणि इतक्या ठिकाणी उगवणाऱ्या गाठींपुढे शस्त्रक्रिया हतबल होती. उरली फक्त औषधे. न्यूयॉर्कचे जोसेफ बर्चेनाल यांच्या मदतीने मेथोट्रेक्सेट आले, सायक्लोफॉस्फमाइड आले, व्हिन्क्रिस्टिन आले, आणि काही मुलांच्या गाठी एका किंवा दोन मात्रांत वितळल्या व वर्षे लोटली तरी परतल्या नाहीत. 1967 मध्ये हे छापून आले तेव्हा कर्करोग औषधाने बरा होतो हे म्हणण्याचे धैर्य फार थोड्यांत होते. सायक्लोफॉस्फमाइडचे मूळ महायुद्धातल्या मस्टर्ड वायूच्या कुळात आहे. व्हिन्क्रिस्टिनचे मूळ मात्र आपल्या कुंपणाशी आहे: सदाफुली. मधुमेहावर म्हणून तिची पाने चावणारी माणसे आपल्याकडे आजही भेटतात. नेमक्या त्याच समजुतीपायी जमैकाहून आलेली पाने कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तपासली. साखर उतरली नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या, आणि त्या वाटेने या झाडातली कर्करोगाची औषधे हाती आली. युद्धभूमीवरचे विष आणि अंगणातले फूल एकाच सलाईनच्या नळीतून एका मुलाच्या शिरेत उतरतात. वस्तूंना स्वतःचे चारित्र्य असते की ते आपण त्यांना देतो, हा प्रश्न तिथे फार जवळून उभा राहतो.

आजचा उपचार थोडक्या महिन्यांचा, पण अत्यंत तीव्र असतो. पाठीच्या कण्यातूनही औषध द्यावे लागते, कारण हा रोग मेंदूकडे धाव घेतो. आणि पहिल्या दिवसांचा धोका असा की पेशी फार झपाट्याने मरतात. त्यांच्या पोटातले पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक आम्ल एकदम रक्तात आल्याने मूत्रपिंडे गुदमरतात, म्हणून भरपूर सलाईन देत, तासातासाला लघवी मोजत, विजयालाच आवर घालावा लागतो. मुलांच्या वाढलेल्या आजारावर रिटुक्सिमॅब या औषधाची जोड देणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत तीन वर्षांनंतर रोगाशिवाय असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 82 टक्क्यांवरून 94 टक्क्यांवर गेले. परतायचे असेल तर हा रोग बहुधा वर्षभरातच परततो. त्याचा हिशेबही त्याच्यासारखाच उतावळा.

पण ही टक्केवारी ज्या देशांतली, तिथे हा रोग विरळा. जिथे तो मुलांचा नेहमीचा कर्करोग आहे, त्या आफ्रिकी पट्ट्यात आजही पुष्कळ ठिकाणी निम्मी मुलेदेखील वाचत नाहीत, आणि त्यात औषधाच्या गुणापेक्षा बसभाड्याचा, उशिरा आलेल्या बायोप्सीच्या अहवालाचा, शेतीची कामे आली म्हणून अर्ध्यावर सोडलेल्या उपचाराच्या फेऱ्यांचा वाटा मोठा आहे. रोगाचा दिवस आणि रस्त्याचा दिवस सारख्या लांबीचे नसतात. 1967 मध्ये मुलागोच्या आवारात जॉन झीग्लर यांच्यासह लिंफोमा उपचार केंद्र उभे राहिले; इदी अमीनच्या राजवटीत परदेशी डॉक्टर निघून गेले तेव्हा चार्ल्स ओल्वेनी यांनी ते चालवत ठेवले. त्या केंद्राच्या कामातला एक भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. बरे झालेले मूल रुग्णालयात परतत नाही. ते शाळेत जाते, गुरे राखते, त्याला आठवण ठेवायचे कारणच उरत नाही. आणि मेलेले मूलही परतत नाही. वहीत दोघांच्याही नावापुढे सारखीच कोरी जागा. म्हणून केंद्राची माणसे पत्ते विचारत गावोगाव जात आणि अंगणात उभे राहून ते मूल आहे की नाही हे पाहून येत. कर्करोगाच्या इतिहासात या पायपिटीला ओळ-दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, पण ही मुले बरी होतात आणि बरीच राहतात, हे विधान तिच्यावाचून कोणालाच करता आले नसते.