उत्क्रांती, जीवोत्पत्ती आणि श्रद्धा

शंका : माणूस माकडापासून झाला असेल, तर आजची माकडे माणूस का होत नाहीत? तसे होताना कोणी पाहिलेले नाही.

समाधान : हाच आक्षेप जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी जाहीरपणे घेतला होता. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून तो खोडून काढला. आजच्या माकडापासून माणूस झाला, असे उत्क्रांतिशास्त्र म्हणतच नाही. चुलतभाऊ हा कोणाचा बाप नसतो. दोघांचे आजोबा एक असतात, एवढेच. चिंपांझी आणि माणूस यांचे नाते या प्रकारचे आहे.

डोळ्यांदेखत घडले नाही तरी खूण मागे राहते. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसाच्या पेशीत २३. मग एक जोडी गेली कुठे? माणसाचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र तपासले असता, एरवी फक्त टोकाला आढळणारी रचना त्याच्या मधल्या भागात सापडते. शिवाय एका जादा गुणसूत्रबिंदूचे अवशेषही त्यावर आहेत. दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक जुळून एक झाल्याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

शंका : निर्जीवातून सजीव निर्माण होत नाही, हे पाश्चरने सिद्ध केले. मग पहिला जीव ईश्वराशिवाय कसा आला?

समाधान : येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. डार्विनचा १८५९ चा ग्रंथ जीव अस्तित्वात आल्यानंतर जाती कशा बदलल्या, याविषयी आहे. पहिल्या जीवाबद्दल त्याने १८७१ मध्ये हूकर या मित्राला लिहिलेल्या पत्रात उबदार डबक्याची कल्पना केवळ बोलून दाखवली. पाश्चरने वाकड्या मानेच्या चंबूत उकळलेले सूप ठेवून दाखवले ते इतकेच, की त्यातले जंतू हवेतल्या धुळीबरोबर येतात. मुक्त ऑक्सिजन जवळपास नसलेल्या आदिम पृथ्वीवर काय घडू शकले असते, हे त्या प्रयोगाने ठरत नाही.

ते तपासण्याचा गाजलेला प्रयत्न स्टॅन्ली मिलरने हॅरल्ड युरी यांच्या शिकागोतील प्रयोगशाळेत केला. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ बंद काचपात्रात फिरवत त्यातून विजेच्या ठिणग्या सोडल्या. एका दिवसात पाणी गुलाबी झाले, आठवड्याअखेरीस गडद लाल. त्यात ग्लायसीनसारखी अमिनो आम्ले मिळाली. निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र अमिनो आम्ल म्हणजे पेशी नव्हे, आणि आदिम वातावरणात मिथेन-अमोनिया इतके नसावेत, असे पुढे अनेक शास्त्रज्ञांचे मत झाले. पहिली पेशी कशी घडली, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण न सुटलेल्या जागी ईश्वराला बसवणे श्रद्धेच्याच मुळावर येते. उद्या उत्तर सापडले, की त्याला तिथून उठवावे लागेल.

शंका : मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह या क्रमात उत्क्रांतीच सांगितलेली नाही का?

समाधान : हे साम्य मोहक आहे, थिऑसॉफीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी १८७७ मध्येच ते ग्रंथात मांडले होते. परंतु भागवताच्या पहिल्या स्कंधातील बावीस अवतारांच्या यादीत वराह दुसरा आहे आणि मत्स्य दहावा. वामन हा बळीकडे तीन पावले भूमी मागणारा बटू आहे, कोणी ठेंगणा आदिमानव नव्हे. कूर्म मंदार पर्वताला आधार देण्यासाठी येतो. प्रत्येक अवताराला प्रयोजन आहे, उत्क्रांतीला ते नाही. ही ओढाताण पुराणावरही अन्याय करते आणि विज्ञानावरही.

शंका : उत्क्रांती मान्य करून आस्तिक राहता येते का? घरात मुलांना काय सांगावे?

समाधान : राहता येते. आधुनिक उत्क्रांतिशास्त्राच्या शिल्पकारांपैकी डोबझान्स्की हे श्रद्धावान ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. ऋग्वेदातील नासदीय सूक्त तर सृष्टी कशी झाली हे तिच्या अध्यक्षालाही ठाऊक असेल की नाही, अशी शंका घेऊन थांबते. राष्ट्रीय पातळीवरील दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळला असला, तरी महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावी विज्ञान भाग २ मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. तो मुलांबरोबर पालकांनीही वाचावा, आणि ‘परीक्षेपुरते लिही, खरे मानू नकोस’ असे मात्र सांगू नये.