माऊस कुणाच्या हातात?

रात्रीचे साडेदहा. मी ऑफिसमधून नुकताच रूमवर आलो होतो आणि बाईंचा फोन आला. "अरे, झोपला नव्हतास ना? ओटीपी आलाय बघ. सांगू का?"

बाई म्हणजे चौथीला मला शिकवणाऱ्या बाई. आमचं गाव मांडवगण फराटा, तालुका शिरूर. भीमा ओलांडली की दौंड तालुका. बाई आता जवळच्याच एका वस्तीवरच्या शाळेत आहेत, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. शाळेची ऑनलाइन माहिती भरायची वेळ आली की त्या मला फोन करायच्या. मी पुण्यातून त्यांच्या पासवर्डने लॉगिन करायचो, त्या ओटीपी सांगायच्या, दहा मिनिटांत काम फत्ते. "देव तुझं भलं करो," म्हणायच्या. मलाही बरं वाटायचं. तीन वर्षं हे असंच चाललं.

मग एकदा माझ्याकडून एका मुलाची जन्मतारीख चुकली. आधारशी ती जुळेना. वरून बाईंना विचारणा झाली. "माझ्याकडून चुकलं," असं त्यांनी सांगून टाकलं आणि मग मला फोन केला. आवाजात राग नव्हता. "चुकलंय कुठं ते बघायला गेले, पण बघायचं कुठं तेच मला माहीत नाही रे."

त्या वाक्याने माझी झोप उडाली. सही त्यांची, जबाबदारी त्यांची आणि माऊस माझ्या हातात. याला मी तीन वर्षं 'मदत' म्हणत होतो.

शिक्षकांना कॉम्प्युटरची भीती वाटते, हे आपण हसत हसत सांगतो. त्यावर ठरलेला उपाय म्हणजे ट्रेनिंग. महाराष्ट्रात २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली. पुढे ती सरकारी नोकरीत सक्तीची झाली आणि मुदतीत पास न झालेल्या कितीतरी शिक्षकांच्या वेतनवाढी अडकल्या. बाईंनी ती परीक्षा तेव्हाच दिली. सर्टिफिकेट कपाटात आहे. भीतीही जागेवर आहे.

असं का? आमच्याकडे भीती काय असते हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शिरूरच्या उसात बिबट्या आहे. रात्री दारं धरायला जाणारा माणूस एकटा जात नाही, हातात बॅटरी असते, तो मोठ्याने बोलत जातो. त्याला कुणी अडाणी म्हणत नाही. ही भीती म्हणजे अनुभवाने आलेलं शहाणपण आहे.

बाईंची भीतीही काहीशी तशीच आहे, हे मला उशिरा कळलं. परीक्षेतल्या एक्सेलमध्ये आकडा चुकला तर एक मार्क जातो. पोर्टलवर आधारचा एक आकडा चुकला तर पोरगं पटावर असूनही मोजलं जात नाही. संचमान्यतेत पट कमी दिसला तर शिक्षकाचं पद जाऊ शकतं. २०१५ साली 'सरल' आल्यापासून सर्व्हर मोकळा मिळावा म्हणून रात्री जागून माहिती भरणारे शिक्षक गावोगाव आहेत. 'सबमिट' दाबल्यावर मागे कसं यायचं हे स्क्रीन सांगत नाही. अशा जागी हात थरथरत असेल तर त्याला अज्ञान म्हणायचं की जबाबदारीची जाणीव?

ही अर्धी भीती झाली. उरलेली अर्धी लाजेची. तीस वर्षं जिने वर्गाला उत्तरं दिली, तिने पंचविशीतल्या पोरासमोर "हे बटण कुठलं?" असं विचारायचं. त्यापेक्षा ओटीपी सांगणं सोपं. आणि आपण काय करतो? "बाई, सरका, मी करतो," म्हणतो. शब्द प्रेमाचे असतात, पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं, की हे तुमच्याने होणार नाही.

मला आठवलं, चौथीत भागाकार मला येत नव्हता. बाई मला फळ्यापाशी उभं करायच्या. मी चुकायचो, पुसायचो, पुन्हा चुकायचो. त्यांनी एकदाही माझ्या हातातला खडू काढून घेतला नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. बाईंनी हे शिकायचंच कशाला? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या २७व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना लावू नयेत असं आहे. भीती घालवून आपण चांगल्या शिक्षिकेचा स्वस्तातला कारकून तर करत नाही ना?

या प्रश्नावर मी बरेच दिवस अडलो होतो. आता मला असं वाटतं: माहिती भरण्याचं ओझं कमी व्हायलाच हवं. पण ज्याला यंत्राची भीती आहे, त्याला यंत्राशी भांडताही येत नाही. "माझंच काहीतरी चुकलं असेल," असं म्हणून तो गप्प बसतो. फॉर्मच चुकीचा आहे, हे म्हणायलाही आधी तो फॉर्म स्वतः उघडता यावा लागतो. नकार द्यायलासुद्धा ज्ञान लागतं.

दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा तीन संध्याकाळी बाईंच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. स्वतःला एकच नियम घातला: माझे हात मांडीखाली. पहिल्या दिवशी पोर्टल उघडलंच नाही. कोऱ्या एक्सेलमध्ये त्यांनी वर्गातल्या पोरांची नावं टाइप केली. मग मी म्हणालो, "बाई, आता सगळं उडवा." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. उडवलं. मग कंट्रोल झेड. नावं परत आली. "अगं बाई!" म्हणाल्या आणि मुद्दाम आणखी चार वेळा उडवून बघितलं.

एका नावाला त्यांना पाच मिनिटं लागायची. ती पाच मिनिटं गप्प बसणं हे माझ्या नोकरीतल्या कुठल्याही कामापेक्षा अवघड होतं.

आणि एक गोष्ट स्वतःबद्दल. 'इनव्हॅलिड इनपुट' असं लाल अक्षरांत लिहिणारा माणूस मीच आहे. पोर्टल माझं नसलं तरी तसे मेसेज मी पगार घेऊन लिहिलेत. त्यात काय चुकलं हे नसतं, तुम्ही चुकलात एवढंच असतं. आता असा मेसेज लिहिताना मी ते वाक्य बाईंना तोंडावर म्हणू शकेन का, एवढं बघतो. बहुतेक वेळा म्हणू शकत नाही. मग बदलतो.

परवा त्यांचा फोन आला. मी सवयीने म्हणालो, "सांगा बाई, ओटीपी."

"ओटीपी नाही रे. त्या फॉर्ममध्ये आमच्या वस्तीचं नावच चुकीचं आहे. मी तसं कळवलंय. म्हटलं, तुला सांगावं."

"भीती वाटली नाही?"

"वाटली की. सबमिट दाबताना डोळे मिटले होते."