दिवा कोणाच्या बाजूचा?

सायंकाळी कचेरी सुटल्यावर पाटनच्या बाजारातून घरी परतताना अलीकडे आम्हांस एक प्रश्न वरचेवर पडतो. जबलपूर जिल्ह्यातील हे तहसिलीचे गाव. सभोवती वाटाण्याची शेते आणि मधोमध बाजार. दिवेलागणीच्या वेळी पूर्वी येथल्या दुकानांत एखादी ट्यूबलाइट दोनचार वेळा डोळे मिचकावून पेटत असे. आता दर्शनी भागी काच, छतात बसवलेले एलईडी आणि मालागणिक निराळा उजेड अशी रीत रूढ होऊ लागली आहे. जबलपूर शहरात तर ती पुरती रुजली आहे. तेथे सोन्यावर पिवळसर दिवा, चांदीवर व हिऱ्यांवर निळसर पांढरा, मिठाईवर उबदार, भाजीवर आणखी वेगळा. हे सर्व पाहताना मनात येते की, दिवा लावावयाचा तो वस्तू दिसावी म्हणून, की ती आपणांस हवी तशी दिसावी म्हणून?

हा प्रश्न आम्हांस ग्रंथांतून सुचलेला नाही. तो आम्ही रोख पैसे मोजून विकत घेतला आहे. गतवर्षी आमच्या मातोश्रींची साठी झाली. त्या निमित्ताने आमच्या सौभाग्यवतींनी शहरातील एका मोठ्या दुकानातून डाळिंबी रंगाचे लुगडे व त्याला जुळणारे खणाचे कापड पसंत केले. दुकानास खिडकी अशी नव्हतीच. दिव्यांखाली लुगडे व खण इतके एकजीव दिसत होते की, कोठे एक संपते व दुसरे सुरू होते हे कळू नये. चोळी शिवून झाली. मातोश्री सकाळच्या उन्हात अंगणात उभ्या राहिल्या, तेव्हा लुगडे डाळिंबी व चोळी चक्क विटकरी! "छान आहे हो," असे त्या म्हणाल्या. परंतु त्यांच्या सुनेची मान खाली गेली, ती आम्ही पाहिली.

आम्ही तावातावाने दुकानदाराकडे गेलो. त्या गृहस्थाने चोळी हाती घेतली, दिव्याखाली लुगड्याशेजारी ठेवली व अत्यंत शांतपणे म्हटले, "साहब, यहाँ तो मिल रहा है." आणि खरोखरच तेथे ती जुळत होती! आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या मनुष्याने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. जे होते ते त्याने दाखवले व जे दिसले ते आम्ही घेतले. मग फसवणूक झाली असेल तर ती केली कोणी?

पदार्थविज्ञानाची पुस्तके चाळल्यावर त्याचा उलगडा झाला. रंग हा केवळ वस्तूच्या मालकीचा गुण नव्हे. वस्तू, तिच्यावर पडणारा उजेड व पाहणारा डोळा या तिघांचा तो भागीदारीचा व्यवहार आहे. ज्या निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना 2014 साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्यावर पिवळा लेप दिला की दोन्ही उजेड मिसळून डोळ्यांस पांढरे भासते. परंतु सूर्याच्या पांढऱ्यात सर्व रंगांचे किरण ज्या प्रमाणात असतात, त्या प्रमाणात ते या पांढऱ्यात नसतात. म्हणून भिन्न रंगद्रव्यांत रंगवलेली दोन वस्त्रे एका दिव्याखाली सख्खी बहिणी दिसतात व उन्हात परकी ठरतात.

दिवा रंगांशी किती प्रामाणिक आहे हे मोजण्याचे एक मापही आहे. त्यात जुन्या तारेच्या बल्बास जवळजवळ 100 गुण मिळतात, तर सामान्य एलईडीस 80 च्या आसपास. गंमत अशी की, हे सर्वसाधारण गुण आठ सौम्य रंगांच्या नमुन्यांवरून काढतात. गडद तांबड्याची परीक्षा वेगळी असून तिचे गुण बेरजेत धरीत नाहीत. म्हणजे आपल्याकडे शालू, कुंकू व खण ज्या रंगात शोभतात, नेमक्या त्याच विषयात नापास झालेला दिवाही वरच्या वर्गात जाऊ शकतो!

येथे कोणी म्हणेल की, आपला माल सजवून मांडणे हा व्यापाऱ्याचा धर्मच आहे. आपले सोनार पिढ्यान्‌पिढ्या दागिना गुलाबी कागदात गुंडाळून देत आले, ते सोने त्यावर खुलते म्हणूनच. मग कागदास क्षमा व दिव्यास शिक्षा, हा कोणता न्याय? आक्षेप वजनदार आहे व आम्हीही पुष्कळ दिवस त्यापाशी अडून राहिलो. परंतु गुलाबी कागद गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असतो. तो बाजूस सारून दागिना कसोटीवर घासता येतो. खिडकी नसलेल्या खोलीतील उजेड बाजूस कसा सारावा? ज्याच्या साहाय्याने पारख करावयाची, ते साधनच तेथे विक्रेत्याच्या पदरी नोकरीस असते. सजावटीचा दोष सजावटीत नाही. तिच्यापलीकडे पाहण्याची वाट बंद करण्यात आहे.

आमच्या लहानपणी कापडाच्या पेढ्या रस्त्याच्या बाजूस उघड्या असत. गिऱ्हाईक म्हणे, "जरा उजेडात दाखवा," आणि गादीवरचा मनुष्य कुरकुर न करता ठाण घेऊन पायरीवर येई. ते 'उजेडात दाखवा' म्हणजे एक न लिहिलेला कायदाच होता. पाटनच्या आसपास थंडीत तो आजही पाळला जातो. शेतकरी वाटाण्याचे पोते भर उन्हात ओततो, घेणारा शेंग सोलून दाणा दाताखाली धरतो आणि मग भावाची घासाघीस होते. दोघेही चतुर, दोघेही लोभी. परंतु त्यांच्या माथ्यावरचा दिवा दोघांपैकी कोणाच्याच पगारावर नसतो.

नव्या दिव्यांशी आमचे वैर नाही. साठ वॅटच्या बल्बाचे काम सातनऊ वॅटमध्ये होते, ही बचत खरी आहे. 5 जानेवारी 2015 रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेने हे दिवे गरिबाच्या घरीही नेले. व्यापारी इमारतींसाठी 2007 साली ऊर्जा संवर्धन संहिता आली. दर चौरस मीटरला दिव्यांवर किती वीज वापरावी याची मर्यादा तिच्यात आहे आणि 2017 च्या आवृत्तीत सूर्याच्या उजेडाचाही विचार आहे. परंतु वीज मोजणे वेगळे आणि विश्वास मोजणे वेगळे. चीनने 1 डिसेंबर 2023 पासून शेतमालाचा खरा रंग लक्षणीय रीतीने बदलून दाखवणाऱ्या दिव्यांस विक्रीच्या जागी बंदी केली, हे वाचून आम्हांस समाधान वाटले. दिव्यासही खोटी साक्ष देता येते, हे निदान एका कायद्याने मान्य केले.

इतके लिहून लेखणी खाली ठेवली असती, तर दुकानदारास दोषी ठरवून आम्ही सुखाने झोपलो असतो. परंतु याच हिवाळ्यात एक घटना घडली. आमची कचेरीही एका बाजारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. तेथे बसवलेले नवे दिवे बरोबर आमच्या मेजांवर येतात. खिडकीपलीकडे लोक उभे राहतात तेथे फळीची सावली पडते. एक वृद्ध शेतकरी आला. आम्ही छापील अर्ज पुढे सरकवून बोट ठेवले, "यहाँ दस्तखत कर दीजिए, दादा." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, दूर धरला आणि संकोचाने विचारले, "बाहर उजाले में ले जाकर पढ़ लूँ?"

आम्ही उत्तरलो की, कागद खिडकीबाहेर नेण्याचा नियम नाही. नियम तसा आहेच. आम्ही खोटे बोललो नाही. म्हाताऱ्याने क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहिले व सही केली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले ते त्या दुकानदाराचे शांत वाक्य. तोच शब्दाचा खरेपणा, तीच बंद वाट! फरक इतकाच की, त्याला त्यात चार पैसे मिळाले व आम्हांस तेवढाही मोह नव्हता. दुकानातून गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकते. त्या म्हाताऱ्याला दुसरी खिडकी नव्हती.

घरापासून दूर, परभाषेच्या मुलखात सरकारी मेजामागे बसणाऱ्या आपणां सर्वांच्या हाती असा एकएक दिवा आहे. तो आपल्या कागदांवर पाडावा, की समोरच्या माणसाच्या कागदावर, हे कोणतीही संहिता सांगत नाही. ज्याला निर्णय घ्यावयाचा आहे, उजेड त्याच्या बाजूस असावा, एवढेच आम्हांस या खटाटोपातून उमगले.

फळीची सावली हलवण्यासाठी आम्ही वर लिहिले आहे. मंजुरी यथाकाल येईल. तोपर्यंत कोणी वृद्ध कागदाशी झगडताना दिसला की, आम्ही तो कागद घेऊन स्वतः त्याच्याबरोबर व्हरांड्यात जातो. कागद आमच्याच हाती असल्याने नियम मोडत नाही. उन्हात ते सावकाश वाचतात, कधी एखादा प्रश्न विचारतात, आणि एकदोघांनी तर वाचून सही करावयाचे नाकारलेही. तो म्हातारा मात्र पुन्हा आलेला नाही.