कुंपणाची झडती

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचं शहर आहे. तिथले पॉल कॉटर अग्निशमन दलात होते. घंटा वाजली की अंगावर जाड कोट-पँट चढवायची आणि जिथून लोक जीव घेऊन पळतात तिथे शिरायचं, हे त्यांचं काम. त्या पोशाखावर त्यांचा आणि घरच्यांचा पूर्ण भरवसा होता. २०१४ मध्ये त्यांना लेफ्टनंट म्हणून बढती मिळाली आणि त्याच वर्षी प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. नोकरी सुटली.

पुढे त्यांच्या पत्नी डायअ‍ॅन यांनी तो पोशाख नीट निरखला. जांघेजवळचं कापड विरलं होतं. हे कापड आहे तरी कशाचं? त्या शास्त्रज्ञ नव्हत्या, पण विचारत राहिल्या. २०१७ मध्ये त्यांनी नोटर डेम विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ग्रॅहम पीसली यांना गाठलं. न वापरलेल्या पोशाखांचे नमुने तपासले गेले. त्यांत फ्लोरीनचं प्रमाण पाहून पीसलीही थक्क झाले.

तो फ्लोरीन होता ‘पीफास’ या कृत्रिम रसायनांचा. यांच्यामुळे कापडावर पाणी, तेल, डाग धरत नाहीत. पण कार्बन-फ्लोरीनची गाठ इतकी घट्ट, की ती मातीत, पाण्यात आणि माणसाच्या रक्तातही टिकून राहते. या कुळातल्या ‘पीएफओए’ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये कर्करोगकारक ठरवलं.

पॉल यांचा आजार नेमका कशाने झाला, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. धुरातही विष असतंच. म्हणून तर कोटात तरी ते नको होतं.

ते कोटात आलं कसं? पाणी अडवणारा थर कोटाच्या आत शिवलेला असतो, त्याला ऊन लागत नाही. तरीही तो ४० तास अतिनील प्रकाशात टिकला पाहिजे, अशी चाचणी अमेरिकेच्या मानकात होती. तिला उतरण्यासाठी उत्पादक पीफासचाच आधार घेत. जवानाला राखण्यासाठी केलेल्या नियमानेच विषाला दार उघडून दिलं होतं.

नियमाने आलेलं नियमानेच घालवता येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा केला: २०२५ पासून पोशाखात पीफास असेल तर विक्रेत्याने ते लेखी सांगायचं आणि २०२७ पासून मुद्दाम पीफास घातलेला पोशाख विकायचाच नाही.

तात्पर्य : कुंपणच शेत खात असेल, तर कुंपणाचीही झडती घ्यावी लागते. आपल्या घरातला नॉनस्टिक तवा, डाग न धरणारं कापड, पाणी न शिरणारं जॅकेट यांतही हे कूळ असू शकतं. घेताना किमतीबरोबर एवढं जरूर विचारा, की यात काय घातलं आहे? आणि त्याचं उत्तर देणं विकणाऱ्यावर बंधनकारक करा, असा आग्रह सरकारकडे धरा. एका बाईने हाच प्रश्न सोडला नाही, म्हणून एका राज्याचा कायदा बदलायला हातभार लागला.