विद्यार्थ्यांचे श्रम: विद्या कीं वेठ?

शाळेंतील मुलांनीं अंगण झाडावें, झाडें लावावीं, गांवांत स्वच्छतेची फेरी काढावी, आपण पिकविलेली मेथी शाळेच्या आनंद बाजारांत विकावी, या सर्वांस हल्लीं शिक्षणाचेंच अंग मानितात. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत तर सहावी ते आठवी या इयत्तांच्या काळांत दहा दिवस मुलांनीं दप्तर घरीं ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांच्या हाताखालीं शिकावें, अशी सूचना आहे. ती आम्हांस मान्य आहे. परंतु तेवढें म्हणून थांबणें बरें नव्हे. कारण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं या विषयाची एक निराळी, कडू बाजू अद्यापि आठवणींत आहे.

एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस विचारिलें, "पाळकसाहेब, माझ्या बापानें गांवाचीं अंगणें झाडिलीं. नातवाला तें करावें लागूं नये म्हणून त्याला शाळेंत घातला. आणि शाळेनेंच त्याच्या हातीं केरसुणी दिली! मग फरक काय झाला?" हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. वतनाच्या नांवाखालीं महार मंडळींकडून सांगावे नेणें, सरकारी सामान वाहणें, मेलेलीं जनावरें ओढणें इत्यादि कामें पिढ्यान्पिढ्या करून घेतलीं जात. डॉक्टर आंबेडकरांनीं सन १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत या वतनासंबंधीं बिल आणिलें. तरी तें वतन कायद्यानें नाहींसें होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. ज्या घरानें वेठ सोसली तें घर केरसुणीकडे संशयानें पाहतें, यांत नवल तें काय?

आतां फरक कोठें आहे तें पाहूं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं सन १९१९ मध्यें कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, व सन १९२४ मध्यें साताऱ्यास वसतिगृह काढिलें. सन १९२७ मध्यें गांधीजींनीं त्यास भेट दिली. तेथें निरनिराळ्या जातींचीं व धर्मांचीं मुलें एकत्र राहत, पाणी भरीत, स्वयंपाक करीत, जागा झाडीत, आणि एकाच पंक्तीस जेवीत. धान्य संपलें तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने व अखेर मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठीं दिलें. पुढें 'कमवा आणि शिका' ही तर संस्थेची ओळखच बनली. येथेंही केरसुणी होती. परंतु ती कोणा एका जातीची म्हणून नव्हती, सर्वांची होती. ज्यांनीं मुलांस श्रम करावयास लाविलें, त्यांनीं आपल्या पदरचेंही कांहीं ठेविलें नाहीं. आम्हांस वाटतें, त्या वृद्ध गृहस्थांस द्यावयाचें उत्तर तें हेंच; आणि तें त्यांच्या नातवाच्या शाळेस लागू पडतें कीं नाहीं, हें त्या शाळेंत जाऊनच पाहिलें पाहिजे.

ज्या शाळेंत केरसुणी एका वस्तीच्याच मुलांच्या वांट्यास येते, किंवा मुलींनीं झाडावें आणि मुलांनीं नुसता फळा पुसावा अशी वांटणी होते, तेथें वेठच चालली आहे असें आम्ही म्हणूं. वेळापत्रकांत तिला 'कार्यानुभव' म्हणोत कीं आणखी कांहीं. गुरुजींनीं स्वतः केरसुणी हातीं घेतली आहे काय, हेंही विचारावें. एवढ्यानेंच पुष्कळ उलगडा होतो.

दुसरा प्रश्न पैशाचा. सन १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें शिक्षणपरिषद भरली. हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण द्यावें, व त्याच्या उत्पन्नांतून शिक्षकाचा खर्च निघावा, अशी गांधीजींची कल्पना होती. प्रोफेसर के. टी. शहा यांनीं त्या परिषदेंतच हिला विरोध केला. आणि योजना तयार करणाऱ्या झाकीर हुसेन समितीनेंही, उत्पन्नाच्या नादांत शिक्षण मागें पडेल, असा धोका दाखविला. ही भीति खरी आहे. सुताचीं गुंड्यांमागून गुंडीं मोजणारा शिक्षक मुलाच्या शंकेस उत्तर देण्यास थांबेल काय?

आजच्या आनंद बाजारांत धोका याच्या उलट आहे. तेथें आई पहांटे उठून भजीं तळते, बाप तीं शाळेंत पोंचवितो, आणि मूल दुपारीं चाळीस रुपये 'नफा' घेऊन घरीं येतें. तेल कोणाचें, पीठ कोणाचें, आईचे दोन तास कोणत्या खात्यावर मांडिले, हें कोणी विचारीत नाहीं! हें गणित चुकीचें आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे आईचे श्रम फुकट असतात असें तें मुलास शिकवितें. त्यापेक्षां मुलांनीं मेथीचें बीं विकत आणावें, वाफा शिंपावा, खर्च मांडावा, आणि तोटा आला तर तोही वहींत लिहावा.

गुणांसाठीं केलेली सेवा ही सेवा होय काय, असेंही कित्येक विचारितात. कॉलेजांतील राष्ट्रीय सेवा योजना सन १९६९ मध्यें ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तींत दोन वर्षांत २४० तास काम नेमून दिलेलें असतें. नेमलेले तास म्हणून तें काम खोटें, असें आम्ही म्हणणार नाहीं. मूल हात धुण्यास प्रथम आईच्या धाकानेंच शिकतें. पण छायाचित्र निघेपर्यंत केरसुणी धरावयाची आणि मग ती टाकून द्यावयाची, यापेक्षां न झाडणें पुरवलें. त्यांत निदान लबाडीचा धडा नाहीं.

सर्वांत अवघड भाग नागरिकत्वाच्या शिक्षणाचा. समजा, सातवीच्या मुलांनीं गांवांतील नळांची पाहणी केली, आणि वहींत लिहिलें कीं, चावडीजवळच्या नळास पाणी दोन तास येतें व वस्तीच्या टोकास अर्धाच तास. या वहीस दहापैकीं नऊ गुण देऊन ती कपाटांत ठेवणें सोपें आहे. ती ग्रामसभेपुढें वाचावयाची कोणी? महाराष्ट्रांत २६ जानेवारी व १५ ऑगस्ट या दिवशीं ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे, आणि झेंडावंदनासाठीं मुलें त्या दिवशीं गांवांत जमलेलींच असतात. गुरुजी एकटे पुढें झाले तर त्यांची बदली होण्याची भीति असते, हें आम्ही जाणतों. म्हणून आईबापांनीं सरपंचांकडे आगाऊ विनंति करावी, मुलांबरोबर सभेस जाऊन बसावें, आणि वही वाचणारें मूल अडखळलें तर त्यास पुन्हां वाचूं द्यावें.